पाव गोळी

चाळीस वर्षं लेथवर काढली.
मिलिमीटरचा शंभरावा भाग
नखाला कळायचा माझ्या,
व्हर्नियर नंतर, खात्रीपुरता.
आणि ही गोळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी,
तिचे चार सारखे भाग होत नाहीत.
दोन होतात, एकाचा भुगा,
एक उडतो शिलाई मशीनखाली.

पितळी कपाटावर बसलीय.
उद्यमनगरात चिपांच्या ढिगात सापडलेली,
डोळे उघडले नव्हते,
अंगभर पिवळी कीस.
मागच्या गणपतीत गल्लीत स्पीकरची भिंत आली,
फडताळातली ताटं आपोआप वाजली,
तेव्हापासून कुकरच्या शिट्टीलाही ही माळ्यावर.
पोट चाटून चाटून
केसांच्या जागी गुलाबी कातडं.

शाहूपुरीत, जिन्याखाली, इंगवले डॉक्टर:
“लशीची तारीख उलटलीय.
पण मागच्या वेळी पिशवीतच घाण केली तिनं,
माझा अंगठा फाडला.
या वेळी निघायच्या दोन तास आधी पाव गोळी द्या.
हीच आमच्या सासऱ्यांना चालू आहे, तळपाय जळतात म्हणून.
रेबीजची लस मी ढकलणार नाही.
दुसरी, घराबाहेर जात नसेल तर,
थोडी थांबू शकते.
तुम्ही ठरवा.”

तुम्ही ठरवा.
ड्रॉइंग द्या, टॉलरन्स द्या,
रात्रपाळी करून जॉब देतो.
पण हे?
शिरगुप्प्यांच्या बोक्याला सुईच्या जागी गाठ आली,
महिनाभर घरात कुणी धड जेवलं नाही,
मग विरली.
रुक्साना शिकलगारची दोन पिल्लं
एका आठवड्यात गेली, हगवणीनं.
तिनं टोपली अजून धुऊन ठेवलीय,
कुणाला देत नाही.
दोन्ही खरं आहे.
रात्री दोन्ही गोष्टी माझ्या उशाला येऊन बसतात.

गुळात घालून बघितली गोळी, आपल्या सवयीनं.
मांजराला गोड कळत नाही म्हणे.
आळणातली कलेजी बाजूला काढली, तिखटाआधीची,
तिच्या पोटात गोळी खुपसली.
पितळीनं कलेजी खाल्ली
आणि गोळी फरशीवर ठेवली, कोरडी,
मापात न बसलेला जॉब परत करावा तशी.
शालन म्हणाली, “मी धरतो, तुम्ही टाका.”
टॉवेल. नखं. तिचं कुंकू पुसलं गेलं, माझा सदरा फाटला.
गोळी गेली कुठं, आजवर कळलेलं नाही.

एक सांगतो. तालमीतल्या कुणाला हे माहीत नाही.
माझीही एक गोळी आहे,
फ्रिजवर, कॅलेंडराच्या गुंडाळीमागं.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हापासून
पहाटे तीनला छातीत मशीन सुरू होतं,
आणि स्विच सापडत नाही.
शालन दुधाबरोबर देते,
आणि समोर उभी राहते, गिळली का बघायला.
दोनदा मी गालात धरून
मोरीत थुंकलोय.
पितळी तेव्हा पाटावर बसलेली होती.
तिनं बघितलंय.

सोमवार, सुट्टीचा.
चिमटीतला भुगा पाण्यात कालवून
सुईविना सिरिंजनं, गालाच्या कडेनं, थेंब थेंब.
घाई केली नाही. मी तिला आधी माझी गोळी दाखवली,
जिभेवर ठेवली, गिळली, तोंड उघडून दाखवलं.
शालन हसली, मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला.
दीड तासानं पितळीची मागची पावलं
बोळातून चालणाऱ्या पिणाऱ्यासारखी पडायला लागली,
डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा आला.
मला ते बघवलं नाही. तरी बघितलं.

बुट्टीवर चादर टाकून रिक्षात बसलो.
“हॉर्न नको, भावा.”
“कोण आजारी हाय, काका?”
काय सांगणार?
“हाय,” म्हणालो, “घरातलंच.”
बागल चौकापर्यंत त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये नेली,
खड्डा आला की आधी सांगायचा.
बुट्टीच्या भोकातून मी एक बोट आत घातलं होतं,
टोक नसलेलं, प्रेसनं नेलेलं,
आणि तिनं त्यावर हनुवटी ठेवली.

दुसऱ्या लशीचं अजून ठरलं नव्हतं.