पान सतरा

बफलोत मार्च संपत आला तरी बर्फ
रस्त्याकडेला मळक्या उशांसारखा पडून असतो.
टायरच्या बंद दुकानावर दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं
आणि भिंतभर ताणलेली सुतळी:
बारा मालिका, बारा नायक,
एकाच रात्री एकाच शहराची वीज जाते
आणि प्रत्येक अंकाच्या सतराव्या पानावर
तोच लंगडा कुत्रा
चौकटीच्या या कडेहून त्या कडेला जातो.
एवढ्यावर बाराजणांचं जग शिवायचं.

वाँडा म्हणाली, नामवंत नकोत.
नामवंतांना वकील असतात.
तिनं वेचले ते एकदाच छापलेले,
त्रेचाळीस साली, कागद रेशनवर असताना,
दुसऱ्या कुणाच्या गोष्टीमागे उरलेल्या सहा पानांत:
वायुभारबाई, जिला वादळ आधी गुडघ्यात कळतं;
टोलनाक्याचा रखवालदार, अकरा मिनिटं अदृश्य होणारा,
त्यातली चार बूट शोधण्यात जातात;
आणि एक तांबट,
ज्याचा हात लागला की कुलपं रडू लागतात,
उघडत मात्र नाहीत.
ना नाव, ना गाव, ना वारस.
निदान आमचा तसा समज होता.

लूशियस चित्रं काढतो.
मी फुग्यांत अक्षरं भरतो,
स्वतः बोलतो कमी.
वाँडानं वडिलांची बोट विकली, सरोवरावरची,
तेव्हाही मी काही बोललो नाही.

पहिल्या अंकाच्या तीन हजार प्रती आल्या,
गठ्ठ्यांना अजून छापखान्याची ऊब होती,
आणि त्याच आठवड्यात एक पत्र.
लॅकवॉनाचा वृद्धाश्रम. ऑगस्टा फेन्स्टर, वय शहाऐंशी.
वायुभारबाई माझ्या वडिलांची.
वाँडा कोट न काढताच खुर्चीत बसली. आता आकडा येणार.

आकडा नव्हता.
केप चुकली आहे, असं होतं.
ती केप नव्हतीच, आमच्या स्वयंपाकघराचा पडदा होता.
तो पांघरून आई अर्धा अर्धा तास उभी राहायची,
एका हातानं सूप ढवळत.
डाव्या खांद्याखाली शेगडीनं जळलेलं भोक होतं.
बाबांनी ते काढलं होतं, छपाईत बुजलं असेल.
बाकी छान.
कुत्रा कुणाचा?

केप एकोणचाळीस चौकटींत दिसते.
सगळ्या जमणार नव्हत्या, म्हणून सतरावं पान.
काळ्या शाईची तीन पेनं, तीन हजार प्रती, चार रात्री.
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं म्हणतात.
आम्ही उलटंच करत होतो,
धडधाकट निळ्याला एकेक भोक.
पहिली शंभर लूशियसनं अशी पाडली
की कडा करपल्यासारखी दिसावी.
दोन हजारानंतर हात भरकटला;
कुठं कोपराशी, कुठं भिंतीवर,
काही प्रतींत थेट कुत्र्याच्या पाठीवर.
ती त्यानं बघितली, हसला,
आणि उरलेल्या अकरा अंकांतल्या कुत्र्याला
काळा ठिपका देऊन टाकला.

शनिवारी दुकानात एकोणीस प्रती खपल्या.
विसावी एका मुलीनं परत आणली,
सतरावं पान उघडून, बोट ठेवून:
इथं शाई सांडलीये. बदलून मिळेल?
वाँडा म्हणाली, ते का आहे ते दुसऱ्या अंकात कळेल.
दुसऱ्या अंकात तसं काहीच नव्हतं.
मुलगी थोडा वेळ उभी राहिली,
मग प्रत जाकिटात घालून
बर्फातून निघून गेली.

त्या रात्री आम्ही दुसरा अंक सुतळीवरून खाली उतरवला.
सूप कुठल्या चौकटीत ढवळायचं, यावर पहाटेपर्यंत भांडलो.
मी एक फुगा रिकामा ठेवलाय,
तिची आई काय म्हणायची ते विचारायचंय.

कुत्रा कुणाचा, हे अजून ठरलेलं नाही.
ऑगस्टाबाई दर गुरुवारी फोन करतात.