सर्वनाम

हेलेद प्रोबर्ट सोमवार ते बुधवार
जनावरांच्या दवाखान्यात फोन घेते.
मेंढीचा पाय, कुत्र्याची खरूज, कुणाची गाय अडलीय.
एका हाताशी नोंदवही, दुसऱ्या हाताशी
पाठकोऱ्या बिलांवर सातवं प्रकरण.

ब्रिनएइथिनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, ती लिहिते.
काय, ते कुणी विचारत नाही.
सातशे प्रती निघतात,
त्यातल्या चाळीस चॅपलच्या बायका घेतात
आणि आपली सासू त्यात कुठे आलीय का, ते बघतात.

वडील, इदवाल, खाणीवर पाटीचा दगड चिरायचे.
छिन्नी टेकवून एक टकोरा,
की दगड वहीसारखा उघडायचा.
छपराच्या पाट्यांना तिथे मापाप्रमाणे नावं:
राणी, डचेस, काउंटेस, लेडी.
लेकीचं पहिलं पुस्तक त्यांनी बोट ठेवून वाचलं,
तीन हिवाळे.
मग म्हणाले, "पान एकशेबारा.
त्या गोठ्यावर तू डचेस चढवल्यास. वासे मोडतील.
तिथे लेडीच हव्यात."
दुसऱ्या आवृत्तीत तिने छप्पर बदललं.
दुसरी आवृत्ती निघाली ती त्यासाठीच, असं ती सांगते.

तिसऱ्या कादंबरीत एक जोडपं आहे,
चव्वेचाळीस वर्षं एकमेकांना 'खी' म्हणणारं.
खी म्हणजे तुम्ही.
दार ओढून घ्या. तुमचा मोजा फाटलाय.
मुलं झाली, एक गेलं, तरी तुम्ही.
मग तो दगडाच्या धुळीने भरलेली छाती घेऊन पडलेला,
पहाटे ती त्याची उशी सरळ करते
आणि म्हणते, 'टी'.
तू.
प्रकरण तिथे संपतं.

मराठीत हे सांगायला मला एक ओळ पुरली.
लंडनच्या संपादकाने लिहिलं,
प्रकरण अर्धवट वाटतं, शेवटी काही घडतच नाही.
त्याचं खरंच होतं.
इंग्रजीत तिनेच उतरवलं होतं, आणि त्या भाषेत
न्यायाधीशाला, कुत्र्याला, मरणाऱ्या नवऱ्याला
एकच शब्द.

अकरा वेळा लिहिलं तिने ते पान.
एकदा बाईला रडवलं. एकदा त्याचं नाव घ्यायला लावलं.
एकदा हातात हात दिला,
आणि स्वतःचीच लाज वाटून कागद चुलीत सारला.
अखेर 'टी' होता तसा ठेवला.
छापणाऱ्यांनी तो तिरक्या अक्षरात घेतला.
एका परीक्षणात आलं,
शेवटचा चहाचा उल्लेख हृद्य आहे.

आई, नेस्ता, आता टेकडीखालच्या वृद्धाश्रमात असते.
हेलेद गुरुवारी जाते.
आई खुर्चीत सावरून बसते, केसांवरून हात फिरवते,
पाहुण्यांशी बोलतात तशी विचारते,
"तुम्ही लांबून आलात का?"

खी.

वेल्शमध्ये शब्दाचं तोंड धन्याप्रमाणे बदलतं.
आपल्याकडे तो शेपटाशी वाकतो, तिथे डोक्याशी.
मांजर म्हणजे काथ,
त्याचं असलं तर गाथ, तिचं असलं तर खाथ,
माझं असलं तर ङ्हाथ.
आई विचारते, माझ्या मांजराला कुणी खायला घातलं का?
ङ्हाथ, म्हणते. अचूक.
व्याकरणाचा एक खिळा हललेला नाही.
मांजर मेलं त्याला चाळीस वर्षं झाली.

"घातलं," हेलेद म्हणते. "दूधही दिलं.
तुमचं मांजर मजेत आहे."
आईला ती जन्मभर तुम्हीच म्हणत आली,
तेव्हा तिच्या बाजूने बदलायचं काहीच नाही.

परतीच्या बसमध्ये ती पिशवीतून एक बिल काढते.
खिडकीबाहेर एइथिनची काटेरी झुडपं
पिवळी धमक, कुणी न बघता फुललेली.
पेन उघडं.
बिलाच्या पुढल्या बाजूला तिच्याच अक्षरात:
मेंढी, डावा पाय, पैसे येणं बाकी.
ती कागद उलटते.
बस थांबते, दोघं चढतात, कुणी तरी तिला हवापाणी विचारतं,
आणि ती सांगते.