कर्णा, पाठमोरा

हेळवाकच्या वर, अंजनीच्या राईत
तासभर तो फांदीवर, माझ्याकडे पाठ करून.
लाल पोट त्याचं त्यालाच ठाऊक.

लेन्स जड, दंडाला मुंग्या,
मोज्यात एक जळू, बहुतेक दोन.
मी त्याला चौकटीच्या मधोमध धरतो,
सोडतो, पुन्हा धरतो.
धाकलू झोरे तंबाखू मळत कुजबुजतो,
"नवरदेवागत मधी कशापायी बसवताय?
बसू द्या की कडंला."

सरकवला मग डाव्या कोपऱ्यात.
बाकी चौकटभर धुकं,
कुठून लोंबते ते न दिसणारी वेल,
शेवाळ, आणि पानापानांतून गळत
पेलाभर पोचलेला उजेड.
शटर एकदाच.
त्यानं मान वळवली, तेवढी अर्धी चोच मिळाली.

रात्री चुलीपाशी दाखवला त्याला फोटो.
पक्ष्याकडं धाकलूनं पाहिलंच नाही.
रिकाम्या धुक्यावर बोट टेकवून म्हणाला,
"ह्या अंगाला आमचं खळं व्हतं.
गाव उठायच्या आदी."
बोटाची राख पडद्यावर राहिली.
मी लगेच पुसली नाही.

मासिकवाले म्हणतात, छान आहे,
फक्त उजवीकडचं कापा,
पक्षी जरा मोठा दिसू दे.