सुऱ्या ह्रानुशकडे आहेत

आठवडाभर मी एकाच बाहुलीचं नाक कोरत होते.
रविवारी ते नाक उरलंच नाही.
ह्रानुश आली, टेबलावरचा भुसा फुंकला,
माझ्या सातही सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या
आणि भाजीच्या पिशवीत टाकून म्हणाली,
"या आता माझ्याकडे. तू निघ."

वाझगेनने थिएटरात सांगून टाकलं, तिला कावीळ झालीय.
क्नारिकने मांजर नेलं, मांजराची उशी नेली,
बसचे पैसे माझ्या बुटात ठेवले,
हातात दिले असते तर मी घेतले नसते
हे तिला ठाऊक.

तर आता मी सेवानच्या काठी,
वार्सेनिकबाईंच्या मागच्या खोलीत.
पहिले तीन दिवस झोपले,
पोतं पडावं तशी.
चौथ्या दिवशी दारावर थाप:
"जिवंत असशील तर लवाश भाजायला ये."
जिवंत होते. गेले.
जमिनीत पुरलेल्या तोनिरमध्ये
बाई कमरेपर्यंत वाकायच्या,
उशीवर ताणलेली पोळी आतल्या भिंतीवर थापायच्या
आणि भुवया न जाळता वर यायच्या.
मी नुसती बघत बसले.
काही सुचतंय का, असं कुणी विचारलं नाही.
इथे विचारतात, जेवलीस का.
एवढंच.

दुपारी त्यांचा दीर मुशेघ जाळं सांधत बसतो.
त्याने बोट दाखवलं वर,
डांबरी रस्त्याच्याही वर:
"माझ्या बापाची होडी तिथे बांधलेली असायची."
वीज हवी होती, शेतांना पाणी हवं होतं,
म्हणून उपसत गेले तळं, वर्षानुवर्षं.
तळं कशाला नाही म्हणतंय!
बेट होतं, त्याला पायवाट फुटली.
मग कुणाला तरी जाग आली,
डोंगर पोखरून दुसऱ्या नदीचं पाणी इकडे वळवलं.
"भरलं का मग?"
"भरतंय," तो म्हणाला. "बोटभर.
एखाद्या वर्षी तेवढंही नाही.
घाई तळ्याला नाही, तुला आहे."

मी काही बोलले नाही.
जाळ्याचं टोक धरून ठेवलं,
त्याला गाठ मारता यावी म्हणून.

नवव्या दिवशी जर्दाळू खाल्ला.
बी हातात राहिली, तिला एक गाल होता,
कपाळावर आठी,
आणि हसू दाबून धरलेला ओठ.
अगदी वाझगेन, खोटं बोलतानाचा.
हात आपोआप खिशाकडे गेला.
सुरी नव्हती.
दगडाने बी फोडली, आतला गर खाल्ला.
गोड होता, शेवटी जरासा कडू.

फोनला रेंज फक्त दफनभूमीपाशी,
जुन्या कोरीव दगडी क्रुसांच्या रांगेत.
(कुणी कोरले असतील, आणि मधेच कंटाळून
किती दिवस घरी बसला असेल तो?)
तिथून फोन लावला. तिघंही एकाच खोलीत,
मागे ताटल्यांचा आवाज.
माझ्या काविळीसाठी थिएटरातल्या लोकांनी
दोन मोठाली कलिंगडं पाठवलीत म्हणे.
"एक संपलं, दुसरं कापतोय," वाझगेन म्हणाला,
"तुझ्या तब्येतीसाठीच खातोय आम्ही."
मी इतकी हसले
की चरणारी गाय मान वळवून बघू लागली.
मग ह्रानुशला विचारलं, सुऱ्या?
"आहेत. धार लावून आणल्यात.
अजून मागू नकोस."

मागत नाहीये.
आज वारा पडलाय.
पाण्यात पाय सोडून बसलेय,
इतकं गार, की घोट्याखाली आपलं काही आहे
असं वाटतच नाही.
परवा एका दगडावर कोळशाने रेघ मारून ठेवली होती,
पाण्याच्या अगदी कडेला.
आता दिसत नाही.
ती बुडाली,
की मी दगडच भलता बघतेय,
कोण जाणे.