धाडलं आणि पावलं

रायबंदरच्या धक्क्यासमोर, बेकरीच्या माडीवर
आमची दोन टेबलं आणि एक तापट कार्ड.
पलीकडे चोडण. तिथल्या खारफुटीत
रोहिदास चोडणकर कॅमेरे बांधतो,
रात्रीचे फोटो पत्र्याच्या डब्यातून फेरीने धाडतो,
आणि आम्ही पक्षी मोजतो.

मोजतं कार्ड. मी नुसती पोचवणारी.
चित्रं आधी माझ्या मेमरीत उतरवायची,
तिथून कार्डाच्या बफरात लोटायची,
लोटून मागे वळून बघायचं नाही.
हुकूम दिला की तो लगेच परत येतो
आणि म्हणतो, "घेतलं."
मी ऐकलं, "झालं."

मग मार्चातल्या एका मंगळवारी
पडद्यावर एक पक्षी उभा राहिला:
डोकं खंड्याचं, निळंशार,
कमरेखाली शेकाट्याचे लांब गुलाबी पाय.
मधे एक आडवी रेघ, सुरीने पाव कापावा तशी.
कार्डाने तो मोजला. एक.
त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

तीन दिवस मी कार्डाला शिव्या घातल्या.
वायर बदलली, पंखा पुसला.
मेमरीतली जागा तर खिळवून ठेवली होती,
तिथून पान हलायची सोय नव्हती.
हलत होता माझाच हात:
अर्धा खंड्या वाटेत असताना
मी त्याच जागेवर शेकाट्या ओतत होते.

मग प्रत्येक हुकुमामागे थांबून पाहिलं.
पक्षी शाबूत राहिले,
पण कार्ड निम्मा वेळ जांभया देत बसलं
आणि रात्रीचं काम दुसऱ्या दुपारी संपलं.

शुक्रवारी फेरी लागली.
आग्नेलने निळ्या झाकणाचा डबा माझ्या हाती दिला
आणि स्वतःचा हात तसाच पुढे ठेवला.
"तांबडो खंय?"
तांबडा वर होता, टेबलाखाली, कधीचा रिकामा.
"परत येना म्हणसर भरिना तो," आग्नेल म्हणाला.
"एक न्हंयेंत, एक हातांत. अशेंच चलता ताचें.
धाडलें म्हळ्यार पावलें न्हय गो बाये."
मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.

माडी चढून मी दोन जागा खिळवल्या.
एकीतलं वाटेवर असताना दुसरी भरायची,
प्रत्येक खेपेमागे रांगेत एक खूण सोडायची,
आणि ती खूण दिसेपर्यंत
त्या जागेला बोट लावायचं नाही.
थांबायचं ते तेवढंच, तिथंच.
तांबडा डबा मी त्याच फेरीने परत केला,
आत बेकरीतले चार उंडे घालून.

तो अर्धा-अर्धा पक्षी छापून भिंतीवर लावलाय.
परवा रोहिदास आला, पाणी प्याला,
बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला.
म्हणाला, "असो एक आसा थंय. फांत्यापारार येता."
हसला नाही.

मी यादी उघडली.
त्या ओळीवरचं बोट काढून घेतलं.
एक.