गोदामात गेलेला मुलगा

'नि' लिहायचं तर आधी 'न' पडतो,
मग वेलांटी येते,
मागून येऊन पुढे बसते.
यादीची तिथेच पंचाईत:
नगद, नमुना, नवरा, नक्कल
ओळीखाली दाटीनं उभे राहिलेले उमेदवार
एका ऱ्हस्व वेलांटीनं बाद.

ही यादी कुठे लिहून ठेवलेली नाही.
विचारलं की तयार होते,
अक्षर बदललं की पुन्हा विचारायचं.
अल्केश म्हणतो, "एक बार मँगा ले यार, फिर छाँटती रह."
मी म्हणते, आणलेल्यात जे नव्हतंच
ते गाळून गाळून कसं सापडेल?
विजयनगर, चौथा मजला, रात्रीचे साडेनऊ,
दोघांच्या मध्ये कचोरीचा तेलकट कागद.

मला कपडा मार्केट आठवतं.
श्रीधरमामा लघाटे, चाळीस वर्षं एकाच गादीवर.
बाई 'निळं' म्हणाली
की अकरा थानं उलगडलेली.
'निळं, पण…' म्हणाली
की मामांचा हात हवेत थांबायचा.
त्या 'पण'पाशी त्यांची सगळी अक्कल होती.
पुढे 'फिकट' आलं तर समोरच्या ढिगातूनच उचलायचं.
'सुती' आलं तर ढीग बाजूला
आणि गफ्फारला हाक: जा, गोदाम!

गोदाम दोन गल्ल्या पलीकडे.
गफ्फार खांद्यावर तीन थानं घेऊन
धापा टाकत परते,
तोवर बाईचं मन निळ्यावरून मोतियावर गेलेलं,
कधी बाईच गेलेली.
मामा त्याला रागवत नसत.
पण थान उघडतही नसत.
डोळ्यांनीच सांगत: राहू दे.
नवखा माणूस उघडून बसला असता,
एवढं आणलंय म्हणून,
आणि गिऱ्हाईकाला वाटलं असतं,
आपण हेच मागितलं होतं की काय.

आज माझ्याकडून तेच झालं.
'निव'साठी धाडलेली मागणी
मी 'निवां'पर्यंत पोचल्यावर परत आली,
आली ती यादी उघडूनच बसली,
आणि मी सवयीनं एंटर दाबलं.
चाचणीचं वाक्य होतं: आई, तू निवांत राहा.
झालं: आई, तू निवडणूक राहा.
अल्केशला मराठी अर्धीच कळते,
तरी तो खुर्चीवरून पडायचा राहिला.

मग प्रत्येक मागणीच्या मनगटाला
एक नंबर बांधला.
उत्तर दारात आलं की आधी नंबर बघायचा.
जुना असेल तर
न रागावता, न उघडता,
राहू दे.
सहा ओळींचं काम. दोन तास गेले.

एक प्रश्न मात्र उरलाय.
काहीच न लिहिता कुणी यादी मागितली तर?
अल्केश म्हणतो, सगळे शब्द दाखव.
सगळे म्हणजे किती, तो सांगत नाही.

कधीकधी एखादी बाई यायची, चपला काढून बसायची
आणि काहीच बोलायची नाही.
मामा मागच्या फळीकडे वळूनही बघत नसत.
पाण्याचा पेला पुढे सरकवत,
आणि मधल्या पांढऱ्या चादरीवरची सुरकुती
तळहातानं हळूहळू सपाट करत राहत.