एकाच पायाचा बूट

सोलापूरचा मे. पत्रा टकटक वाजतोय.
मी वाचते: आयर्लंडात धुकं आहे,
काटेरी झुडपाखाली वीतभर मोची
जन्मभर एकाच पायाचा बूट शिवतो.
आई तेंदूपानावर कात्री फिरवत विचारते,
"मजुरी नगावर, का जोडीवर?"
शेजारची पोचव्वा हसता हसता तंबाखू सांडते.

मग ती समुद्रातली बाई.
नवऱ्यानं आढ्याला लपवलेलं
स्वतःचं कातडं तिला सापडतं
आणि ती लाटांत निघून जाते.
"पोरं?"
"काठावर."

मांडीवरचं सूप हलत नाही.
विडी घरकुलात एवढी शांतता
फक्त लाइट गेल्यावर असते.

"किती झाल्या गं?" पोचव्वा विचारते.
आई पुन्हा एकपासून मोजायला लागते.
मला म्हणते, "थांबू नको.
त्या मोच्याचं परत वाच."